जळक्या कोपऱ्यातली माती

तिने माठाची जुडी माझ्यापुढे धरली. देठं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "खाली ठेव."

इंग्रजीत म्हणालो. शिवाय बोटाने जागाही दाखवली. दाराबाहेरची पायरी.

माझ्या पाठीमागे, मुलाच्या बैठकीच्या खोलीत, सहा-सात माणसं चहा पीत बसली होती. त्यांनी ऐकावं म्हणून मी तसं बोललो. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही. तोंडून निसटलं नव्हतं. घाबरूनही बोललो नव्हतो. त्यांनी ऐकावं म्हणून.

त्या बाईचं नाव फोलाके. साठीच्या आसपासची. नायजेरियाहून इथे आयर्लंडला येऊन तिला वीसेक वर्षं झालीत. टॅलाच्या हॉस्पिटलमध्ये रुग्णांना उठवायचं, बसवायचं, धुवायचं, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात न्यायचं, हे तिचं काम. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वाकली. जुडी पायरीवर ठेवली. "बाबा, तुमचा वाटा," एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्या भाषेतही म्हाताऱ्या माणसाला बाबाच म्हणतात.

आतून आमच्या वसाहतीतला श्रीरंग म्हणाला, "बरं केलंत काका. ह्यांना दारात उभं केलं की उद्या सोफ्यावर येऊन बसतात."

सगळे हसले. मीही हसलो.

जुडी संध्याकाळपर्यंत पायरीवर होती. मग सुनेने रबरी हातमोजे घालून ती ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये टाकली. मागोमाग मोजेही टाकले.

'खाली ठेव' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा सात वर्षांचा होतो.

माझी आई गावच्या एका बागायतदाराच्या मळ्यात खुरपायला जायची. वांग्याची रोपं तिच्याच हाताने लागायची. तण तिच्याच हाताने निघायचं. वांगी तोडून पाट्या तीच भरायची. तोवर तिच्या हाताचा कुणाला विटाळ नव्हता. पाटी भरून बांधावर गेली की मात्र तिने त्या पाटीला शिवायचं नाही. त्याच वांग्यांना. हा हिशेब मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

दिवस मावळायला मालकीण किडकी वांगी घेऊन यायची. त्या दिवशी मी पुढे झालो आणि दोन्ही हात पसरले. मालकीण अशी मागे सरली की जणू पायाखाली जनावर निघालं. "आगं, पोराला आवर की. शिवंल ना मला." मग मला म्हणाली, "हो मागं. खाली ठिवते, मंग उचल." ठेवली नाहीत, टाकली. दोन वांगी घरंगळत पाटाच्या पाण्यात गेली. आई ती काढायला गुडघाभर चिखलात उतरली.

वाटेत आईने मला मारलं. जिला बोलायचं तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मला. घरी येऊन तिने त्याच वांग्यांचं कालवण केलं. मी खाल्लं. भूक होती.

मी महाराचा. पुढे आम्ही धर्म बदलला, वस्तीचं नाव बदललं. मी शिकलो. शेतकी कॉलेजात गेलो आणि सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत लागलो. तिथे पाण्याच्या माठाजवळ माझा ग्लास वेगळा होता. कुणी तसं कधी सांगितलं नाही. फक्त त्याच्या बुडाला लाल रंगाचा एक ठिपका होता. नोकरी संपेपर्यंत मी ठिपक्याच्या ग्लासातून पाणी प्यायलो. माझ्यानंतर आलेल्या पोरांनी मोर्चे काढले, साहेबाच्या टेबलावर ग्लास आपटले. मी नाही. मी म्हणायचो, मला मुलाला शिकवायचंय. मुलगा शिकला. इंजिनिअर झाला, इथे डब्लिनला आला.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून जात कळत नाही. मुलगा त्या आडनावाच्या आडोशाला राहतो. त्याची आई गेल्यावर त्याने मला इकडे आणलं, तेव्हा माझ्या बॅगेत निळ्या कोटातला फोटो होता. आमच्या प्रत्येक घरात असतो तो. मुलाने तो हातात घेतला, कपाळाला लावला, आणि प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. "बाबा, इथे सगळे येतात-जातात," म्हणाला. मी मान हलवली. मीही त्याच आडोशाला जाऊन बसलो.

मुलाचं घर सिटीवेस्टला. नवी वसाहत. सगळी दारं एकसारखी, दारापुढे दोन-दोन गाड्या. वसाहतीच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे टॅलाच्या बाजूची जुनी वस्ती. तिथली बरीचशी घरं आफ्रिकेतून आलेल्या लोकांची. त्या वस्तीत दुकानं तीन. एक तळलेल्या चिप्सचं, एक घोड्यांवर सट्टा लावायचं, एक पेट्रोल पंपावरचं. पंपावर काळी पडलेली केळी मिळतात. ताजी भाजी हवी तर दोन बस. बारा तास उभं राहून आलेली बाई कोबी आणायला दोन बस बदलत नाही. ती पोरांना चिप्स देते. मग भिंतीच्या अलीकडचे म्हणतात, ह्या लोकांना खाण्याची अक्कल नाही.

भिंत आणि वस्ती ह्यांच्यामध्ये एक पडीक पट्टा होता. त्या वस्तीतल्या बायकांनी संस्था काढून तो कौन्सिलकडून भाड्याने घेतला होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना तिथे सहा वर्षं झाली होती. मी फिरायला जायचो आणि जाळीबाहेर थांबायचो. माठ दिसला. प्लास्टिकच्या पॉलिहाऊसमध्ये कमरेएवढा माठ. आयर्लंडमध्ये. 

फोलाकेने आतून विचारलं, "बघत काय उभे राहता, बाबा? हात नाहीत का?"

मी आत गेलो. एक ढेकूळ उचललं, चुरगाळलं, नाकाला लावलं. बायका हसायला लागल्या. त्यांना काय माहीत, मी आयुष्यभर तेच केलं होतं. खाली पिवळी चिकट बांधकामाची माती, विटांचे तुकडे. आणि तिच्यावर ही काळी, भुसभुशीत, ओल धरणारी माती. ती त्यांनी केली होती. स्वयंपाकघरातला ओला कचरा, वस्तीतली पोरं पाळतात त्या घोड्यांची लीद, समुद्रावरून पोत्यांतून आणलेलं शेवाळ. सहा वर्षं. माती पिकापेक्षा हळू येते. माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार?

तिथे कुणाचाही स्वतःचा वाफा नव्हता. सगळे वाफे सगळ्यांचे. शनिवारी भाजी काढायची आणि जमिनीवर कापड अंथरून सारखे वाटे घालायचे. काम केलेल्या घराला एक, आजारी पडलेल्या घरालाही एक. मग एक बाई वाट्यांकडे पाठ करून उभी राहायची. दुसरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायची, हा कुणाचा? पाठमोरी बाई एका घराचं नाव घ्यायची. म्हणजे भांडणाला जागा नाही.  आमच्या वस्तीत असेच वाटे पडायचे. असंच पाठ करून. फक्त ते भाजीचे नसायचे. ओढून नेलेल्या ढोराच्या मांसाचे असायचे.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी बोट एका वाट्यावर थांबलं आणि पाठमोरी फोलाके म्हणाली, "बाबा."

माझा वाटा. माठ, चार मुळे, मूठभर कोथिंबीर. कुणीतरी तो माझ्या ओंजळीत दिला. हातात हात लागला. त्या वयात मला रडू आलं आणि ते लपवायला मी नळाखाली मुळे धूत बसलो.

त्या बायकांनी मला काहीच विचारलं नाही. गाव कुठलं, कुळ कुठलं, काही नाही. एकदा फोलाके मला पट्ट्याच्या टोकाला घेऊन गेली. तिथे एक कोपरा मोकळा होता, नुसतं गवत. ती म्हणाली, "इथे आम्ही काही लावत नाही. आम्ही यायच्या आधी पोरं हॅलोविनला इथे शेकोटी करायची. फळ्या, गाद्या, गाडीचे टायर. जळलेल्या मातीत काय असेल देव जाणे." मी म्हणालो, बरोबर केलंत. शिसं असतं, जस्त असतं. ती खूश झाली. शिकलेल्या माणसाने पावती दिली म्हणून.

तो कोपरा तिने मला दाखवला. विश्वासाने दाखवला.

आता श्रीरंगबद्दल. पुण्याचा, औषधांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आमच्या वसाहतीच्या समितीचा सेक्रेटरी. पन्नाशीचा, बोलायला गोड. मुलाकडे त्याचं येणं-जाणं वाढलं तसं एकदा त्याने मला सहज विचारावं तसं विचारलं, "काका, कुलदैवत कुठलं तुमचं?" काय विचारलंय ते मला कळलं. हा प्रश्न आपल्यात देवासाठी कुणी विचारत नाही. मी एका देवीचं नाव घेतलं. जिच्या देवळाची पायरी माझा आजा कधी चढू शकला नाही, तिचं. श्रीरंगचा चेहरा सैल झाला. "म्हणजे काका आपल्यातलेच की," मुलाच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला. मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या समितीला तो पट्टा हवा होता. गाड्या लावायला. ज्या दिवशी फोलाके जुडी घेऊन आली, त्या दिवशी आत हीच बैठक चालू होती. त्या शनिवारी मला बागेत जाता आलं नव्हतं, म्हणून ती माझा वाटा घरी द्यायला आली होती. बैठकीत श्रीरंग म्हणत होता की हे रंगावरून नाही हं, पण लीदेचा वास येतो, दिवसभर गर्दी असते, घरांच्या किमतीवर परिणाम होतो. अध्यक्ष डेक्लन, इथलाच माणूस, प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. ती निघून गेल्यावर श्रीरंग माझ्याकडे वळला.

"काका, तुमचं आयुष्य मातीत गेलं. तुम्ही एकदा बघा ना. काळजीचं काही असलं तर आपण कळवू. त्यांच्याच मुलांच्या भल्याचं आहे."

डेक्लन म्हणाला, "काही घाई नाही, सर. जे निघेल ते ग्रँड." इथे 'ठीक' म्हणायचं तर ग्रँड म्हणतात.

बस्स. खोटं लिहा असं मला कुणीही सांगितलं नाही. चांगल्या घरांत ते असंच मागितलं जातं.

सगळे गेल्यावर मुलगा माझ्याशेजारी बसला. बऱ्याच वर्षांनी बसला. "बाबा, त्यांनी पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी मागितलं," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे मी हजारो शेतकऱ्यांना शिकवलंय. शेतात नागमोडी चालायचं. दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा. प्रत्येक खड्ड्याच्या कडेची पातळ चकती काढायची. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग. शेवटी ओंजळभर उरते ती सगळ्या शेताची. बांधावरची माती घ्यायची नाही. झाडाखालची नाही. उकिरड्याजवळची नाही. आणि कचरा जाळलेल्या जागेची तर कधीच नाही. हे वाक्य मी पत्रकात जाड अक्षरांत छापून घेतलं होतं.

बुधवारी सकाळी, बायका कामावर असताना, मी बागेत गेलो. कुलपाचा नंबर मला फोलाकेनेच दिला होता. मी नागमोडी चाललो नाही. सरळ कोपऱ्यात गेलो. एकच खड्डा घेतला. वीतभर खाली काळा थर लागला, टायरमधल्या तारांचे गंजलेले तुकडे लागले. तारा मी बोटांनी वेचून काढल्या. नमुना स्वच्छ दिसावा म्हणून. माती पिशवीत भरली. खड्डा बुजवला, वर उपसलेलं गवत बसवलं, पायाने दाबली. पिशवीवर लिहिलं, 'संपूर्ण क्षेत्राचा मिश्र नमुना, पंधरा ठिकाणे.' माझं अक्षर पहिल्यापासून सुरेख आहे.

समितीने ती प्रयोगशाळेत पाठवली. निकाल आला. शिसं जास्त, जस्त जास्त. त्याला मी पानभर टिपण जोडलं. पालेभाज्या हे धातू शोषून घेतात, लहान मुलांना धोका असतो, लागवड तत्काळ थांबवावी. खाली माझी पदवी, जुना हुद्दा, सही. समितीने ते कौन्सिलला पाठवलं.

कौन्सिलने खबरदारी म्हणून फाटकाला कुलूप घातलं. पुन्हा तपासणी होईल असं त्यांचा एक माणूस म्हणाला होता. त्याआधीच एक यंत्र आलं आणि त्याने वरची हातभर माती खरवडून ट्रकमध्ये भरली. दूषित कचरा म्हणून. मी माडीवरच्या खिडकीतून पाहत होतो. जळका कोपरा आणि ती सहा वर्षांची काळी माती एकाच ट्रकमध्ये गेली. बायका जाळीबाहेर उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. एक जण जाळीला धरून खाली बसली.

मग आरोग्य खात्याचा एक कागद त्या घराघरांत गेला. मुलांचं रक्त तपासून घ्या. आया पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आपणच आपल्या हाताने पोरांना विष घातलं, असं त्यांना वाटत होतं. हे मला सुनेकडून कळलं. ती म्हणाली, "बरं झालं ना बाबा, वेळेवर कळलं." तिला खरं माहीत नव्हतं. मी वरण-भात जेवलो आणि उठलो.

श्रीरंगच्या घरी मला शाल दिली. चार मराठी कुटुंबं होती. मी शाल घेतली.

त्यानंतर काही आठवड्यांनी गुडघ्याच्या एक्स-रेसाठी टॅलाच्या हॉस्पिटलात गेलो. बाकावर बसलो होतो. समोरून फोलाके रिकामी व्हीलचेअर ढकलत आली. मी तोंड फिरवलं. ती थांबली. मला वाटलं, आता पायरीवरचं काढणार.

"बाबा," ती हळू म्हणाली, "तुम्ही रक्त तपासून घेतलं का?"

मला समजेना.

"तुम्हीही खाल्लंत ना. उन्हाळाभर आम्ही तुम्हाला खायला घातलं. तुमचं वय झालंय. मला झोप लागत नाही, बाबा. मला माफ करा."

ती माझी माफी मागत होती.

बोलताना तिचा हात खुर्चीच्या मुठीवर वर-खाली होत होता. म्हणाली, टोसिन, तिची मुलगी, गरोदरपणात नऊ महिने बागेतलीच भाजी खायची. बाळ झालं आणि पाठोपाठ तो कागद आला. बाळाचं रक्त चांगलं निघालं. टोसिनचंही. तरी टोसिनने बाळाला अंगावर पाजणं बंद केलं. दूध पिळून सिंकमध्ये ओतते. म्हणते, माझ्या आत काय आहे कुणाला माहीत.

मी बोललो. तिथेच, त्या बाकावर. माझं इंग्रजी मोडकं, पण जेवढे शब्द लागत होते तेवढे होते. एक खड्डा. जळका कोपरा. तुमच्या वाफ्यातली चिमूटभरही माती त्या पिशवीत नव्हती.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. ती जी खुर्ची ढकलत होती, तिच्यातच बसली.  लोक ये-जा करत होते.

"तो कोपरा मीच तुम्हाला दाखवला."

"हो."

"पैसे दिले त्यांनी?"

"नाही."

"मग का?"

मी खरं तेच सांगितलं. "त्यांनी मला त्यांच्यातला म्हटलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. पायरीवर पाहिलं होतं तसं नाही. ते निदान माणसाकडे पाहिल्यासारखं होतं.

"आणि आम्ही तुम्हाला काय म्हणत होतो?"

 मी सॉरी म्हणायला लागलो तर तिने हात वर केला. मी तिचा एखादा रुग्ण असावा तशा सपाट आवाजात ती बोलली. "ते माझ्याजवळ ठेवू नका. दारात केलंत ते मी सोडून दिलं होतं. म्हटलं, म्हातारा माणूस, घरच्यांपुढे लाजला. हे माझं एकटीचं नाही. जिथे ते लिहिलंत तिथे हे लिहा. आणि प्रत्येक आईला तिच्या दारात जाऊन सांगा. आधी टोसिनला. मी तुमच्या वतीने कुणाला सांगणार नाही."

ती उठली. खुर्ची ढकलत गेली. तिची ड्युटी चालू होती.

टोसिनला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. दारातच. बाळ तिच्या कडेवर होतं, बाटली तोंडात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलली. दूध आटलंय, म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

मी घरी आलो आणि निवेदन लिहायला घेतलं. आधी इंग्रजीत, कौन्सिलला. सोबत पट्ट्याचा नकाशा काढला, वाफे दाखवले, खड्डा कुठे घेतला तिथे खूण केली. हे असं का केलं, तेही लिहिलं. ते लिहायचं तर मी कोण हे लिहावं लागलं. ते लिहिलं.

मुलाने वाचलं. कागद हातात धरून उभाच राहिला. "बाबा, माझं काय?" म्हणाला. त्याच्या मुलीच्या शाळेत, ऑफिसात, ह्या गल्लीत लोक काय म्हणतील ते सांगत राहिला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. मी त्याला सांगितलं की तुला आडोसा मीच बांधून दिला, तुझा दोष नाही. पण मी आता त्याच्यात मावत नाही.

त्यानेच श्रीरंगला बोलावलं असावं. श्रीरंग आला, माझ्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला. समजुतीने बोलला. "काका, ह्या वयात असं होतं. विसरायला होतं. आपण लिहू, नमुना घेताना नजरचूक झाली. कुणाचं नाव जात नाही. तुमचंही नाही."

आयुष्यभर मी असल्या वाक्यांना मान हलवली होती. ठिपक्याच्या ग्लासाला हलवली. प्रेसमधल्या फोटोला हलवली. समोरचा गोड बोलला की माझी मान आपोआप हलते. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"नजरचूक नाही. मी तारा वेचून काढल्या. मी खोटं लिहिलं. नजरचूक लिहिणार नाही."

श्रीरंगने टेबलावरचा कागद उचलला, वाचायला लागला. मी कोण ते जिथे लिहिलंय त्या ओळीवर त्याचा डोळा थांबला. मला दिसलं. त्याने कागद ठेवला, बोटं पँटला पुसली.

"तरीच," तो म्हणाला.

एवढ्या एका शब्दात त्याने सगळं माझ्या जातीच्या खात्यावर टाकलं. तेव्हा मी शेवटी उभा राहिलो. गुडघा दुखत होता, तरी राहिलो. म्हणालो, "श्रीरंग, हे मी तुमच्यातला व्हायला निघालो तेव्हा केलं. माझ्यातला होतो तोवर माझ्या हातून असं झालं नव्हतं. आता जा."

तो गेला. सुनेने त्या दिवसानंतरही माझं ताट वाढणं बंद केलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती फक्त बोलत नाही.

निवेदन पोचलंय. त्याचं काय होईल मला माहीत नाही. कदाचित पट्टा परत मिळेल, तरी माती मिळणार नाही. तिथे आता खडी आहे. पुन्हा सहा वर्षं लागतील, आणि ती मोजायला मी नसेन. बायका मला पुन्हा आत घेणार नाहीत. घेऊ नये.

हे मराठीत लिहितोय ते माझ्या लोकांसाठी. भिंतीच्या अलीकडच्या, शाल देणाऱ्या लोकांसाठी. आणि त्याहून जास्त, आडनावाच्या आडोशाला उभ्या असलेल्यांसाठी. आपल्याला कुणी आपल्यातलं म्हटलं, तर आधी बघा, त्या बदल्यात तुम्हाला कुणाच्या दारात पाठवलं जातंय.

मी आता रोज दुपारी वस्तीत जातो. एका दिवशी एक दार. त्याहून जास्त माझ्याच्याने होत नाही. दार वाजवतो. तुमच्या मुलाने विष खाल्लं नाही, तुम्ही चांगलंच खायला घातलंत, खोटं मी लिहिलं, असं सांगतो. माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याकडून पुन्हा काहीतरी मागितल्यासारखं होतं. एका आईने ऐकून दार लावलं. एक जण तिथेच उंबऱ्यात बसून मोठ्याने रडली आणि मला आत बोलावलं नाही. एका बाईच्या नवऱ्याने मला खांद्याला धरून फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच दारात पुन्हा गेलो, कारण आदल्या दिवशी ती आई घरात नव्हती आणि तिला तिच्या कानांनी ऐकायचा हक्क होता.

तेरा दारं झाली. सतरा बाकी आहेत. कौन्सिलने बोलावलं तर तिथे उभं राहून सांगेन, नाही बोलावलं तरी जाईन. मुलाने परत गावी पाठवायचं म्हटलं, तर शेवटचं दार झाल्याशिवाय विमानात बसणार नाही. कुणी थुंकलं तर पुसेन. कुणी मारलं तर उठेन. आणि सांगेन.